दोन सेकंद आधी

काचेच्या कपाटात तीन रेकॉर्डर होते.
पहिला सहा ट्रॅकचा, इस्त्रीएवढा जड,
चार सेल दोन तासांत गिळणारा.
दुसरा स्वस्त,
पण हातात धरला की
आपल्याच बोटांची खसखस टिपायचा.
तिसरा साबणाच्या वडीएवढा.
दुकानातला पोरगा म्हणाला, हा बत्तीस बिट फ्लोट,
आवाज कितीही चढो, फाटणार नाही.
मी विचारलं, आणि शेजारी चूल पेटलेली असेल तर?
तो म्हणाला, कसली चूल?

सामन माशांच्या कारखान्यात अकरा आठवडे
रात्रपाळीला काटे उपसले होते मी.
पुएर्तो मोन्तहून बेटाकडे परतायची शेवटची बस सहाला.
खिशातल्या नोटांना अजून वास होता.
पोरानं त्या मोजल्या, मग बोटं शर्टाला पुसली,
आणि जाता जाता सांगितलं, यात एक जास्तीची सोय आहे,
बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंदही हा साठवून ठेवतो.
मी म्हटलं, बटण वेळेवर दाबता येतं मला.

सॉफ्टवेअरपाशी मात्र महिनाभर घोडं अडलं.
एक फुकट होतं, ते दर बारा मिनिटांनी मान टाकायचं.
एकाला माझ्या लॅपटॉपपेक्षा तरुण लॅपटॉप हवा होता.
एकात चारशे वाद्यं आयती,
ढोल हवा तर ढोल, टाळ्या हव्या तर टाळ्या,
वाजवणाऱ्यानं नुसतं मधे येऊन उभं राहायचं.
शेवटी घेतलं ते करड्या रंगाचं, अबोल.
साठ दिवस उसनं.
मुदत संपली तरी हाकलत नाही,
रोज सकाळी तेवढं विचारतं, पैसे भरताय ना?
वाण्यासारखं, पण खालच्या आवाजात.

रोसामेल नाउएल्कीन, माझ्या आईचे मामा.
त्यांचं अकॉर्डियन एकदा होडीत भिजलं
तेव्हापासून वरचा सोल मुका.
एकोणतीस वर्षं झाली.
त्या पट्टीला वळसा घालून वाजवतात,
दारात झोपलेल्या कुत्र्याला
ओलांडून जावं तसे.
आचाओची पोरं चाल शिकली ती ही अशीच;
कोऱ्या करकरीत अकॉर्डियनवरसुद्धा
सोलपाशी आली की वाकून जातात,
का, ते त्यांना माहीत नाही.

वारा आडवा येऊ नये म्हणून माइकला केसाळ टोपी लागते.
दुकानात अठरा हजार पेसो.
ओतिलिया मामीनं जोडीदार हरवलेल्या मोज्याची करून दिली.
बटाट्याच्या टोपलीवर रेकॉर्डर ठेवला,
आणि मामांनी एकच वाल्स सात वेळा वाजवला,
दर वेळी आधीच्याहून जरा घाईत.
कानात ठोके देणारा मेट्रोनोम लावून पाहिला.
हा कोण मला शिकवणार, म्हणाले, आणि हेडफोन मांजराच्या अंगावर टाकला.

रात्री पडद्यावर लहरी ताणून बघत होते.
पहिल्या सुराच्या आधी,
मी बटण दाबण्याच्याही आधी,
एक बारीक काटा.
खट्.
लाकडावर लाकूड, बाकी काही नाही.
सातही फाइलींत, त्याच जागी.
मामा पट्टी दाबून बघतात.
आज बोलते का.

शेजारचा फा उचलून थोडा चढवला की सोल होतो,
तीन क्लिकचं काम.
केलंही. सगळ्या वळशांच्या जागी बसवला.
सुरेख लागला.
मग बंद करताना त्या अबोल प्रोग्रॅमनं विचारलं,
बदल जपून ठेवू का?
आणि चुलीतलं लाकूड सरकवायला
मी उठले.

आज पुन्हा बसलोय.
सेल नवे आहेत. मोजा धुतलाय.
दाबलंस? मामा विचारतात.
अजून नाही, म्हणते मी,
आणि ते खोटं नाही,
लाल दिवा नुसता लुकलुकतोय.
ते खिडकीकडे बघतात,
जणू बोटाचा आपल्याशी काही संबंध नाही,
आणि बोट
त्या पट्टीवर जातं.