कसर

अप्पा बळवंत चौकातून आत, गाइडांच्या ढिगांमागे
आठ बाय दहाचं माझं दुकान.
मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते:
प्रबंध, प्रकल्प, चार प्रती, उद्या सकाळी, काका, प्लीज.
आम्ही जिनगर. पणजोबा खोगीर शिवायचे,
मी कागद शिवतो. सुई तीच,
आणि खरं सांगायचं तर
खोगीरभरतीही तीच.

टेकडीपलीकडच्या विद्यापीठाचा नमुना छापील येतो.
रेक्झिन गर्द निळं, त्यांनीच पाठवलेलं.
विद्यापीठाचं नाव चोवीस पॉइंटात,
पोराचं बारा.
एकीने विचारलं, माझं नाव जरा मोठं नाही का होणार?
म्हटलं, बाई, माप तुमच्याकडूनच आलंय.

लोक मला विचारतात, तिथलं शिक्षण खरंच तेवढं भारी असतं का हो?
मला, कारण सगळ्यांची पाठ माझ्या हातात असते.
मी काय सांगणार.
मी चळत ठोकतो, कडा कापतो,
पाठीला खळ लावून दाबात ठेवतो.

एक सांगतो.
एका निळ्या प्रतीत माझ्याकडून सोळा पानं उलटी शिवली गेली.
तिसरं प्रकरण पूर्ण शीर्षासनात.
लक्षात आलं तोवर प्रत गेली होती.
शिव्या खायच्या तयारीने आठ दिवस फोनजवळ बसलो.
नवव्या दिवशी पोरगा पेढे घेऊन आला.
सगळ्यात वरची श्रेणी.
‘बाइंडिंगचं फार कौतुक झालं, काका.’

त्यांचंच म्हणून सांगत नाही.
मग मला खोड लागली, सरकारी काळ्या रेक्झिनमध्येही
एकदा मुद्दाम एक पान उलटं घातलं.
ते कुठल्यातरी कपाटात अजून उलटंच आहे.

आणि ती नूपुर टिळेकर, तीही निळ्यातलीच.
स्टुलावर बसून दोनशे अकरा पानं बोटाला थुंकी लावून मोजली,
एकशे चाळिसावर थांबली.
‘काका, हा नकाशा सरकलाय.’
वेल्ह्याकडच्या एकोणनव्वद विहिरी,
प्रत्येकीत तिने स्वतः दोरी सोडलेली.
म्हटलं, हे तिथे शिकलीस?
हसली. ‘दोरी मामाची.
पण जीप त्यांची, यंत्र त्यांचं,
आणि मला वेड्यात न काढणारे एक सर
तेही तिथलेच.’
मी नकाशा पुन्हा लावला. पैसे घेतले नाहीत,
म्हणजे घेतले, पण कमी.

माझी मयूरीही त्याच विद्यापीठात असते.
प्रवेश विभागात.
कानाला हेडफोन, दिवसाला साठ फोन:
‘सर, ही फी समजू नका, गुंतवणूक समजा.’
स्वतः रात्रीच्या कॉलेजातून बी. कॉम.
परवा फलटणच्या एका बापाने विचारलं,
मॅडम, तुमचंही शिक्षण इथलंच का?
तिच्यासमोरच्या कागदावर सगळी उत्तरं होती,
हे नव्हतं.
जेवताना म्हणाली, बाबा, मी फोन ठेवून दिला.
मग?
मग पुढचा लावला.
भाकरी मोडून ती खाली बघत राहिली. आईने विषय बदलला,
तिला गॅसचा नंबर लावायची आठवण केली.

खळीत मी अजून मोरचूद घालतो, वडलांनी शिकवलं तसा.
नाहीतर कसर लागते.
वरच्या सोन्याला ती तोंड लावत नाही,
कणकेच्या वासाने येते,
निळं की काळं बघत नाही,
पाठीकडून शिरते आणि पानामागून पान
आरपार जाते, उलट्या सोळांतूनसुद्धा.
कधीकधी वाटतं, शेवटपर्यंत वाचणारी
तेवढी तीच.

टिळेकरांच्या पोरीच्या प्रतीला
मोरचूद चिमूटभर जास्त घातला होता.