कारण : घरगुती

रजेच्या अर्जात लिहिलं, कारण : घरगुती.
साहेबांनी न वाचताच सही केली.
हे नागपूरला, दहा दिवसांचं ट्रेनिंग.
रिक्षा कोपऱ्यावर वळली नाही तोच
मी रियासतभाईंना फोन लावला.

बावीस वर्षं आम्हा दोघांत
एक 'बघू नंतर' राहत होता,
जेवायला, झोपायला, सणावारी पाटावर.
बोनस आला की बघू. निहारची दहावी होऊ दे.
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे,
उगाच कशाला पैसे मातीत?
बिल्डर तीन बदलले, गेटवरचा बॅनर उन्हाने पांढरा पडला,
आणि कन्नमवार नगरातल्या आमच्या मोरीत
पाणी रोज उलटं, स्वयंपाकघराकडे वाहत राहिलं.

सेक्रेटरी खोतांनी नियमांचा कागद हातात दिला :
ठोकाठोक दहा ते दोन, चार ते सहा.
रविवारी हातोडीला हात नाही.
जिन्यात डेब्रिज दिसलं तर दंड पाचशे.
मी मागच्या बाजूला हिशेब केला.
दहा दिवस कसले, चोपन्न तास.

मग एकदमच सगळं निघालं.
मोरी फोडली, त्याच तासाला ओट्याची कडा,
वायरमन शिडीवरून म्हणाला, ताई, मेन बंद करतो,
खालून रियासतभाई ओरडले, पाणी बंद केलंय,
आणि मी मधे उभी,
हातात शेगडी, कुठे ठेवू ते कळेना.
चार दिवस गॅलरीत शिजवलं.
वरणाला पुट्टीची चव.
हळदीचा डबा सापडला तो गादीच्या प्लास्टिकमध्ये,
तोवर भाजी पांढरीच खाल्ली बलिरामने,
रंग लावायचा राहिला का, विचारलंन.

रात्री यांचा फोन.
काय चाललंय?
नेहमीचंच.
आवाज कसला?
मिक्सर.
(खोतांची नजर चुकवून सव्वाआठला
ग्रिलचं शेवटचं भोक पाडत होते.)

लाद्या चार कमी पडल्या.
त्या छटेचा माल संपला, दुकानदार म्हणाला,
आणि भिशीचे पैसेही संपत आलेले.
वॉशिंग मशीनखाली आता चार निळ्या आहेत.
मशीन हलत नाही तोवर कुणाला कळायचं नाही.

सातव्या दिवशी कपाट ओढलं.
मागे भिंतीला अजून पहिल्या वर्षीचा पिस्ता रंग,
आणि पेन्सिलीने, यांच्या तिरक्या अक्षरात :
लादी १४००, सिमेंट २ गोणी, मजुरी, एकूण.
एकूणखाली रेघ. रेघेखाली : निहार फी.
मग सगळ्यावर एक काट,
इतकी हलकी की आकडे नीट वाचता यावेत.
बलिराम पुट्टीचं घमेलं घेऊन उभा.
मारू?
म्हटलं, आधी जेवून घे.
दोन ते चार भिंतीसमोर बसून होते.
चार वाजता म्हटलं, मार.

हे एक दिवस आधीच आले.
मला कळलंच नाही.
बावीस वर्षं दाराच्या कुरकुरीवरून
मला यांचा मूडही कळायचा,
आणि परवाच मी बिजागऱ्या बदलून घेतल्या होत्या.
स्टुलावर चढून होल्डर पिळत होते,
मागे वळले तर हे, बॅग खांद्यावरच,
हात बटणासाठी जुन्या जागी गेलेला,
सपाट भिंत चाचपत.

काही बोलले नाहीत.
छताकडे पाहिलं, ओट्याची कडा अंगठ्याने तपासली,
कपाटाच्या बाजूला जरा जास्तच थांबले.
मग मोरीत गेले, विचारलं,
उतार काढलाय ना बरोबर?
आणि उत्तराची वाट न बघता
मगभर पाणी ओतलं.
आम्ही दोघं बघत राहिलो.
पाणी आधी घुटमळलं, मग निघालं
जाळीकडे, सरळ, आपलं आपण.
थोडं कोपऱ्यात थांबलं.
मी गप्प.
यांनी पँट जराशी वर घेतली
आणि पायानेच ते
हळूच पुढे ढकललं.