कुणी पडता कामा नये

ऑक्टोबरात तिघं पडली.
ओइवा साउनाच्या पायरीवर, खुब्याचं हाड मोडून.
टायमी चपला शोधताना.
आणि हिल्क्का कशानं, ते तिलाही सांगता येईना.
"मी नुसती वळले," एवढंच म्हणत राहिली.

नगरपालिकेनं मग यंत्रणा आणली.
संचालिका पुलक्कांनी चष्मा पुसून
एकच वाक्य टाइप केलं:
या इमारतीत कुणी पडता कामा नये.
चांगलं वाक्य. मीही मान डोलावली.
रात्रपाळीला मी एकटी, खोल्या बावीस.

पहिले पंधरा दिवस कौतुकाचे.
कुणी उठून बसलं की पायाशी मंद दिवा लागायचा.
कॉरिडॉरमध्ये फरशी ओली दिसली की माझ्या मनगटावर टिचकी.
तिला कंटाळा नव्हता, कॉफी लागत नव्हती,
तिचं कुणाशी वाकडं नव्हतं.
हे मुद्दाम सांगते,
कारण नंतर लोक विचारायला लागले, दुष्ट होती का.

मग साउना बंद. पायऱ्या तीन, धोका सिद्ध.
मग शनिवारचा टँगो.
अकॉर्डियनवाला एस्को पेटी न उघडता परत गेला.
मग चपलांचं कपाट उघडेना.
कॉफी पलंगावर येऊ लागली,
पलंगांचे कठडे चार बोटं वर आले,
झोपेची गोळी सव्वापट झाली.
डॉक्टरांनी रोवानिएमीहून फोनवर अंगठा टेकवला;
त्या दिवशी त्यांना असे एकशेचाळीस अंगठे टेकवायचे होते.

जानेवारीत, सूर्य दोन तास दिसतो त्या दिवसांत,
फळ्यावर आकडा लागला: शून्य.
केक आला. पाहुणे आले.
कुणीही पडलं नव्हतं.
सगळे पडून होते.

खोली नऊमध्ये इम्पी, वय एक्क्याण्णव.
हिनं चाळीस वर्षं स्कीवरून टपाल वाटलं,
गोठलेल्या तळ्यापलीकडे, एका एका घरासाठी तीन-तीन कोस.
एका रात्री पांघरूण सारून तिनं पाय दाखवले.
"हे कुणाचे?" तिनं विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही.
"मला पडायचंय," ती म्हणाली.
"अजून एकदा तरी. त्याआधी चालावं लागेल, तेवढं बघ."

यंत्रणेला हे कसं सांगणार?
माणसाला प्रश्न पडतो, स्वप्न पडतं,
परक्या गावात कुणाशी गाठ पडते,
स्टेशनवर कुणी कुणाच्या गळ्यात पडतं.
त्या एका वाक्यात यातलं काहीच नव्हतं,
आणि वाक्यात नाही ते
तिच्या लेखी जगातच नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी
इम्पीच्या घोट्यावरचा पट्टा मी सोडला
आणि उशीला बांधला.
उशी शहाण्यासारखी पडून राहिली.

खिडकीपर्यंत सात पावलं.
पाचव्याला तिचा गुडघा लचकला,
आणि आम्ही दोघी फरशीवर, एकमेकींवर.
ती हसत होती, आवाज न करता,
खांदे गदगदत, डोळ्यांत पाणी.
काही मोडलं का, मी चाचपत होते.
"गप बस," म्हणाली, "बघू दे."
बाहेर खांबावरच्या दिव्याखाली
बर्फ पडत होता, भरभर, कुणालाही न विचारता.
आम्ही तिथेच बसलो.
कुठल्या घराचा कुत्रा चावरा होता
आणि कोण पत्र उघडण्याआधी हात धुवायचं, ते तिनं सांगितलं.

सकाळी अहवाल आला.
खोली नऊ, दोन चाळीस ते तीन दहा:
हालचाल नाही. कूस बदलणं नाही. श्वासाची वरखाल नाही.
पडण्याची शक्यता शून्य.
आजवरची सर्वोत्तम नोंद.

आणि खाली, नम्र भाषेत, एक प्रस्ताव:
हा अर्धा तास नमुना धरून
उरलेल्या एकवीस खोल्यांना लागू करावा का?

शेजारी, डॉक्टरांच्या अंगठ्यासाठी,
एक रिकामी चौकट.