मधला ह

रात्री साडेदहाला, नारायण पेठेत,
मी पान नऊ लावायला बसते.
परदेश. म्हणायला आठ कॉलम,
पाच सराफाचे, दिवाळी जवळ आली की सहा.
उरलेल्यात जग.

तिथे कुणीतरी चिंता व्यक्त केलेली असते.
चिंतेच्या पायऱ्या मला पाठ आहेत:
नुसती चिंता, मग तीव्र, मग अतिशय तीव्र,
मग निषेध, मग कठोर शब्दांत निषेध.
ते कठोर शब्द मात्र तारेवर कधी येत नाहीत.
अठरा वर्षं वाट पाहतेय,
एकही आला नाही.

परवा नव्या पोराने, सारंग टिळेकरने, टिंब खाल्लं.
'राष्ट्रसंघाकडून तीव्र चिता व्यक्त.'
सगळे हसले. मीही.
मग आठवलं, तिकडे जाळत नाहीत, पुरतात,
तेही पुरायला कुणी उरलं असेल तर.
टिंब परत दिलं.

आणि काल वॉचमनने वर पाठवला एक उंच मुलगा.
अबकर. फार्मसी, तिसरं वर्ष,
कोंढव्यात चौघांत एक खोली.
हातात इस्त्रीचा शर्ट, आमच्याच कागदात बांधलेला,
पान नऊ, गेल्या गुरुवारचं.
देवनागरी शिकलाय बसच्या पाट्यांवरून:
लुल्लानगर, वानवडी, पुलगेट, स्वारगेट.
इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढे उभं राहून
त्याने बोट ठेवून वाचलं
स्वतःचं गाव.

मला वाटलं, आता रडेल.
खुर्ची दिली, पाणी दिलं,
चेहरा तयार करून बसले.

तो म्हणाला, मॅडम, स्पेलिंग चुकलंय.
यात मधे एक ह आहे.
छातीतून येतो. आरशावर वाफ सोडावी तसा.
आणि म्हणून दाखवलं, दोनदा.
एसीच्या घरघरीत ते गाव
क्षणभर टेबलावर होतं,
माझ्या चहाच्या कपाशेजारी.

मी म्हटलं, एजन्सीकडून असंच येतं.
ठरावात असंच आहे. निवेदनांत. त्या नकाशातही,
ज्यावर लाल ठिपका काढलाय.
'म्हणजे सगळ्यांनी चिंता केली
ती दुसऱ्याच कुठल्या गावाची.'
चेष्टेत म्हणाला का, कळलं नाही.

शुद्धिपत्र आम्ही छापतो,
जाहिरातीतला भाव चुकला तर,
श्रद्धांजलीत फोटो भलत्याचा गेला तर.
ह साठी नाही.

पण बाराला तार आली, ठराव पुन्हा पडला.
नकाराधिकार, सहा अक्षरं, एका कॉलमात मावेना,
मथळ्यात नुसतं 'नकार' केलं.
खाली गावाचं नाव घातलं, ह सकट.
मजकूर एका ओळीने बाहेर गेला.
'तीव्र' काढलं.
बसला.
सारंगने मान वर केली, हे असं लिहितात?
म्हटलं, असं म्हणतात.

तो निघाला तेव्हा जिन्यात विचारलं होतं मी,
तुझ्या पासपोर्टवर तरी आहे का रे तो ह?
सकाळी कमिशनर ऑफिसात त्याची तारीख होती,
मुक्काम वाढवायची. शर्ट त्यासाठीच.
'नाही,' म्हणाला, 'लिहिणाऱ्याला घाई होती.
मागे रांग फार मोठी होती.'
आणि घडी मोडू नये म्हणून
दोन्ही हात आडवे धरून
एकेक पायरी उतरत गेला.