ठसा ताडून पाहताना

रात्रीचे पावणेदोन. सुदामा नगरातली कुत्रीसुद्धा
आता एकमेकांशी बोलत नाहीत.
टेबलावर चहाचा कप, त्यावर उपडी बशी,
समोर काळा पडदा, आणि त्यात एक पांढरी काठी
उघडझाप करत वाट बघते आहे.

घाट उतरून खाली निमाडात
नदीकाठी एक पंपघर आहे.
तिथल्या यंत्राला मी इंदुरातून हाक मारते
आणि ते ऐकतं.
पण आजवर ती हाक उघडी होती.
दूधवाल्यानं जिन्यात उभं राहून बाकी ओरडावी
तसा माझा पासवर्ड
घाटातून, टॉवरांवरून, कोणाकोणाच्या कानांवरून जायचा.
पासवर्ड तरी काय, नदीचं नाव आणि एक-दोन-तीन.
अकरा वर्षं कोणी काही केलं नाही,
हीच आमची सुरक्षा.

आज तेवीस नंबरचं दार कायमचं लावायचं.
बावीस उघडायचं, तेही किल्लीवाल्यांपुरतं.
फाइलीत एकेक ओळ बदलत जाते:
मालकाला थेट प्रवेश, नको.
नुसत्या पासवर्डावर प्रवेश, नको.
जुन्या कूटलिप्या यादीतून खोडल्या.
त्यातली एक कॉलेजात पाठ केली होती,
परीक्षेत सोळा गुणांना आली होती.
तिच्यापाशी बोट जरा थांबलं. मग तीही गेली.

नव्या दारावर पहिली थाप. यंत्र म्हणालं,
हा यजमान ओळखीचा नाही.
त्याचा ठसा असा असा.
पुढे जायचं? हो किंवा नाही.

इथे सगळे हो म्हणतात.
मीही म्हटलंय, जेवताना, डाव्या हातानं.
आज रात्रपाळीच्या बद्रीलाल मंडलोईंना फोन लावला.
म्हटलं, तुमच्या पडद्यावर आहे ते वाचून दाखवा.
एकेक अक्षर. लहान-मोठं सांभाळून.

पंपाच्या घरघरीवरून ते ओरडू लागले:
बडा आर, रामकुंवर, म्हणजे आई.
छोटा आर, रितिक, धाकट्याचा पोरगा.
बडा के, केशरबाई. नऊ. छोटा एम, मंगू,
तो आता नाही, पण लिहून घ्या.
त्रेचाळीस अक्षरांत घर भरत गेलं
आणि मी पेन्सिलीनं टिंबं देत गेले.

सव्विसाव्यापाशी अडलो.
नुसती उभी काठी आहे, मॅडम.
डोक्यावर काही? नाही. पायाशी? नाही.
खुर्ची सरकल्याचा आवाज. चष्म्याच्या डबीचा आवाज.
मग बऱ्याच वेळानं:
शेजारच्या मोठ्या अक्षराहून उसाच्या शेंड्याइतकी उंच आहे.
म्हणजे छोटा एल, म्हटलं. लक्ष्मण, ते म्हणाले.

जुळलं. हो असं टंकलं.
जुनी खिडकी मात्र उघडीच ठेवली;
नव्या दारानं आत-बाहेर करून पाहिल्याशिवाय
जुनं सोडायचं नसतं.
एकदा सोडलं होतं. स्वतःला बाहेर कोंडून
पहाटेच्या बसनं घाट उतरले होते.

ठप्पा किसका था, मॅडम?
तुमच्या यंत्राचा, म्हटलं.
दुसरंच कोणी त्याच्या नावानं बोलत नाही ना,
तेवढं बघायचं होतं.

फोनवर नुसता पंप.
मग म्हणाले, धरणात जमीन गेली तेव्हा
कागदावर बापाचा अंगठा होता.
बाप तर तेव्हा दवाखान्यात होता.
किसी ने पढ़ के नहीं सुनाया.

काय बोलायचं ते सुचलं नाही.
दोन नंबर चालू करते, म्हटलं.
एवढ्या कुलपांतून गेलेला पहिला निरोप तो:
पंप दोन, चालू.
घाटातल्या तारेवर त्याचं काय झालं असेल कोण जाणे,
तिकडे पोचला तेव्हा शब्द धड होते.
आवाज बदलला, बद्रीलाल म्हणाले. चढलं पाणी.

साडेपाचला शेजारी कोणीतरी नळाखाली बादली सरकवली.
मी कागद फाडायला घेतला तर टिंबांच्या शेजारी
माझ्याच अक्षरात रामकुंवर, मंगू, लक्ष्मण.
हा ठसा गुप्त नसतो, नियमात तसं आहे.
कागद घडी करून डबीत ठेवला.