बारावं माणूस

रेव्हन्सकारला बसमधून उतरलो तेव्हा
समोर समुद्र होता म्हणे.
मला दिसली ती पांढरी भिंत,
आणि भिंतीपलीकडून मेंढ्यांचं खोकणं.

इथं मोठं गाव वसणार होतं, डोरीन सांगते,
रस्ते आखले, गटारं घातली,
घरं बांधायला मात्र फारसं कुणी आलंच नाही.
ती हे दर वर्षी सांगते.
आम्ही दर वर्षी अरेरे म्हणतो.

गुरुवारची मंडळी आम्ही. बदललेले पाच गुडघे,
दोन बायपास, एक निवृत्त पोस्टमन
ज्याला अजून प्रत्येक कुत्र्याचा संशय येतो,
आणि मी, मिडल्सब्रोच्या औषधांच्या खिडकीमागे
तीस वर्षं गोळ्या मोजत बसलेली.

बार्शीला आमच्याकडे छत्री होती, ती उन्हासाठी.
इथं छत्री उघडली की सगळे हसतात,
पाऊस मुळी वरून येतच नाही.
कड्याखालून चढून येतो, बाहीत शिरतो,
चष्म्याच्या आतल्या बाजूने ओघळतो.
रिपरिप नव्हे, भुरभुर नव्हे,
झड म्हणावी तर तीही नव्हे.
माझ्या शब्दांना एवढं आडवं पडायची सवय नाही.

गेल्या साली जिच्यावरून चाललो ती वाट
खाली दगडगोट्यांत पडली आहे,
कुंपणाच्या दोन खांबांसकट, तार अजून ताणलेली.
नवी वाट शेतातून. चिखल बूट सोडत नाही,
पाठवणीच्या वेळी आत्या गळा सोडत नाही तसा.

प्रत्येक फाटकाशी डोरीन मोजते,
काठीच्या टोकाने, ओठांतल्या ओठांत.
तिसऱ्या फाटकाशी ती थांबली.
अकरा.
पुन्हा मोजलं. अकरा.
"कुणीतरी मागे राहिलंय."

शिट्टी वाजवली. पोस्टमन चाळीस पावलं मागे जाऊन आला,
धुक्यात एक मेंढी तेवढी भेटली.

मला आतून हसू फुटत होतं.
जोशी गुरुजींची गोष्ट: नदी उतरून आलेले दहा जण,
जो तो स्वतःला सोडून मोजणारा,
आणि नवाच भरतात म्हणून काठावर रडारड.
मग येतो वाटसरू. दहावा तूच, म्हणतो.
इतक्या वर्षांनी वाटसरू व्हायची माझी पाळी.

"डोरीन, स्वतःला मोजलंस का?"
"पहिली मलाच मोजते बाई, सत्तरी उलटल्यापासून."

मग मीच मोजलं, दुकानातल्या सवयीने पाचापाचांनी.
पाच, पाच, एक.

कुणी काही बोललं नाही.
नॉर्मन ऑक्सटबीने थर्मासचं झाकण लावलं,
उघडलं, पुन्हा लावलं.

मर्टल नेहमी शेवटी असायची.
खिशात दगड भरत यायची, गोल गोल चक्रांचे.
आमच्या देव्हाऱ्यात असलाच एक असतो, मी एकदा म्हणाले,
तेव्हापासून ती ते धुऊन खिडकीत ठेवायची.
फेब्रुवारीत गेली.
आम्ही सगळे गेलो होतो, काळे कोट घालून,
डोरीनच्या ओठांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

बारावं म्हणजे आमच्याकडे काय
ते यांना कुठल्या भाषेत सांगू.

आडोसा बघून डोरीनने डबा काढला.
ओट्सच्या चिकट वड्या, घरी कापून आणलेल्या. बारा.
उरलेली डब्यात परत ठेवायचा तिला धीर होईना,
तिने ती फाटकाच्या खांबावर ठेवली,
का ते तिलाही सांगता आलं नसतं.
मी श्वास धरला.
राखाडी पंखांचा एक थोराड समुद्रपक्षी आला
आणि झडप घालून घेऊन गेला,
आम्हाला वाट बघायला न लावता.

मी हात जोडणार होते. हातमोजे ओले होते.

बॉगल होलला चहा मिळेल, कुणीतरी म्हणालं,
आणि सगळे एकदम चालायला लागलो.

पुढच्या फाटकाशी डोरीनने काठी वर केलीच नाही.
लोखंडी कडी हातात धरून उभी.

"मोज की, डोरीन," नॉर्मन म्हणाला.

पाऊस तिच्या तोंडात जात होता.
ती मोजू लागली.