येण्याचे कारण

हॉटेलच्या रजिस्टरात एक रकाना असतो:
येण्याचे कारण.
अप्पांनी तो बत्तीस वर्षं भरून घेतला,
स्टेशन रोडवरच्या सुवर्णरेखात.
देवदर्शन, लोक लिहायचे. लग्न.
गुळाचा सौदा. कोर्टाची तारीख.
एकानं नुसतंच लिहिलं होतं, सहज.
त्याच्या दारावर अप्पा रात्रभर
काहीबाही निमित्त काढून टकटक करत राहिले.

आमच्याकडं नवरात्र नऊ दिवसांचं नसायचं,
चाळीस खोल्यांचं असायचं.
अंबाबाईला आलेली माणसं जिन्यात झोपायची
आणि अप्पा ऑफिसातल्या टेबलावर.
दिवाळी पाडव्याला आई ताट झाकून रिक्षानं जायची,
काउंटरच्या मागं, किल्ल्यांच्या फळीखाली ओवाळायची.
एकदा निरांजन फिरत असतानाच
दोनशे चारमधनं फोन: गरम पाणी येत नाही.
आईनं हात थांबवला नाही.
अप्पांनी कान फोनला दिला, कपाळ तिला.
ओवाळणीची नोट गल्ल्यातली नव्हती,
खिसा उलटा करून त्यांनी ते सिद्ध केलं.

विसरलेल्या वस्तूंचं एक कपाट होतं.
चष्मे, एक कवळी, एकाच पायातली चप्पल,
निपाणीच्या कुणाच्या तरी बाळाचं टोपडं.
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तारीख, खोली.
"आज ना उद्या आठवतंय माणसाला," म्हणायचे,
आणि माझा वाढदिवस हटकून विसरायचे.

पाहुणा होणं त्यांना कधी जमलंच नाही.
लग्नाच्या पंगतीत ग्लास उजेडात धरायचे,
मावशीकडं मुक्कामाला गेलं
की चादरीचा कोपरा उचलून बघायचे,
आई चिमटा काढेपर्यंत.

एकशे नऊमध्ये हुबळीचे एक म्हातारे गेले, झोपेतच.
मुलगा पोचेपर्यंत सात तास
अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते.
हे आम्हाला इराप्पानं सांगितलं, बारा वर्षांनी,
तेही त्या खोलीत पंखा कुठल्या कंपनीचा होता
यावरून दोघांत वाद निघाला म्हणून.

आणि मी आले तेव्हा रात्रीचे पावणेदोन.
सांगलीहून शेवटची एसटी चुकलेली,
वडापवाल्यानं तावडे हॉटेलला सोडलेलं.
एक बॅग. ओढणीखाली उजवं मनगट.
घरी गेले नाही, घरी आई होती.
काउंटरवर अप्पा, कॉलर ताठ.
रात्री एकट्या आलेल्या बाईकडं ते बघायचे
तसंच माझ्याकडं बघितलं,
चेहऱ्याकडं एकदा, मग लगेच रजिस्टराकडं.
"जेवलीस काय?"
इराप्पाला उठवून दूध तापवायला लावलं.
मग पान उलटलं. नियम म्हणजे नियम.
रेवती वसंत इंगवले, त्यांनी लिहिलं,
मी सासरचं आडनाव सांगायच्या आत.
कोठून आला: सांगली.
येण्याचे कारण:
पेन झटकलं, आणि एक आडवी रेघ मारली,
पट्टी लावल्यासारखी सरळ.
जाण्याची तारीख कोरी.

त्या रात्रीचं भाडं त्यांच्या पगारातनं कापलं गेलं.
पावती आईला गिरणीच्या पिशवीत सापडली,
ती तिनं परत घडी घालून तिथंच ठेवली.

आता ते घरीच असतात.
दुपारचे बारा वाजत आले की चुळबुळ सुरू,
दारापर्यंत जातात, जिना बघतात, परत येतात.
"कोण न्हाई जाणार, बसा की," आई म्हणते.

मला सीपीआरला रात्रपाळी असते.
सकाळी गंगावेशीतनं धारोष्ण दूध घेऊन येते.
मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडतं,
हातातली बॅग काढून घेत अप्पा विचारतात,
"प्रवास कसा झाला?"
दीड मैलाचा.
मी म्हणते, बरा झाला.